सतरा इंचांचा निर्णय: बडोद्यातल्या 1967च्या मस्टँगला टायर निवडताना

गाडी 1967ची फोर्ड मस्टँग. हार्डटॉप, डावीकडे स्टिअरिंग, 289 घनइंचांचं म्हणजे 4.7 लिटरचं व्ही-8 इंजिन, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. फोर्डने या इंजिनाची ताकद 200 अश्वशक्ती सांगितली होती, पण ती त्या काळच्या अमेरिकन रिवाजाप्रमाणे इंजिन गाडीबाहेर ठेवून, सायलेन्सर वगैरे न जोडता मोजलेली. चाकांपर्यंत त्यातली बरीच कमी पोचते. वजन तेराशे किलोंच्या आसपास, त्यातलं निम्म्याहून जास्त पुढच्या चाकांवर. बडोद्याच्या एका मराठी कुटुंबात ही गाडी दोन पिढ्या आहे. काकांनी जपली, आता पुतण्या चालवतो. जाणकार लगेच म्हणतील की मस्टँग ही मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची दांडगी अमेरिकन गाडी नव्हेच, ती पोनी कार, म्हणजे आटोपशीर स्पोर्टी गाडी. म्हणू देत. टायरला तो फरक कळत नाही.

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गॅरेजमध्ये सस्पेन्शन आणि अलाइनमेंटची कामं होतात, म्हणून गाडी आमच्याकडे आली. मागणी साधी होती: चांगल्या पकडीचे टायर सुचवा. मात्र त्या एका मागणीच्या पोटात दोन वेगळ्या तक्रारी होत्या. काकांची तक्रार पावसाची. पहिल्या सरींनंतर काळाघोडा सर्कलला वळताना ॲक्सिलरेटरवर पाय जरा जड पडला की मागची बाजू निसटते, आणि घाबरून ब्रेक दाबला की पुढची चाकं जाम होऊन गाडी सरळ घसरत जाते. पुतण्याची तक्रार अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवरची. शंभरला गाडी तरंगल्यासारखी होते, स्टिअरिंग सरळ धरलं तरी ती आपल्या मर्जीने डावी-उजवीकडे हुंगत जाते. त्याने अमेरिकेतल्या जुन्या मस्टँगच्या शर्यतींचे व्हिडिओ पाहिले होते आणि तिथले लोक वापरतात ते 200 ट्रेडवेअरचे (हा टायरवर छापलेला झिजेचा आकडा, कमी आकडा म्हणजे मऊ, लवकर झिजणारं रबर) टायरच हवेत, हे त्याचं पक्कं ठरलं होतं.

"काका, तिकडे याच गाड्या पोर्शच्या पुढे जातात."

"तिकडे जाऊ देत. इथे ती पाऊस पडला तरी घरी परत आली पाहिजे."

माझ्या मते प्रकरणाचा सगळा मसुदा या दोन वाक्यांत होता. पुढचं काम आकड्यांचं.

अंगावरचे टायर

गाडीला 14 इंची लोखंडी रिम आणि त्यावर साधे रेडियल टायर होते. नक्षी भरपूर, जवळजवळ नवी. घरच्यांचा समज असा की टायर "अजून चांगले आहेत, फक्त कंपनी हलकी आहे". टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे 0911 होतं, म्हणजे 2011 सालचा नववा आठवडा. रबराचा कडकपणा मोजायचं शोअर मीटर लावलं. रस्त्यावरच्या नव्या टायरचं रबर शोअर ए मापावर साधारण 60 ते 65 भरतं, इथे काटा 80च्या पुढे गेला. कंपासपेटीत वर्षानुवर्षं पडून राहिलेला खोडरबर कागद पुसत नाही, नुसता फाडतो, तसं हे रबर झालं होतं. वर्षाला दीड-दोन हजार किलोमीटरच धावणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी झिजतच नाही, म्हणून कोणाला संशयही येत नाही. त्यात बडोद्याचा उन्हाळा. मे महिन्यात पारा 42च्या वर जातो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. उघड्यावर उभ्या गाडीचं रबर न चालताच म्हातारं होतं.

काकांच्या तक्रारीचा मोठा भाग इथेच सुटला. ओल्या रस्त्यावर कडक रबर खडीच्या बारीक उंचसखलपणात रुतत नाही, त्यामुळे पकड आधीच कमी. त्यात चौदा इंची, अरुंद टायर. ड्रम ब्रेक कितीही साधा असला तरी एवढ्या कमी पकडीत चाक जाम करायला तो पुरतो. इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा डिफरन्शियल साधा असल्यामुळे वळणात आतलं चाक हलकं झालं की सगळा जोर त्याच चाकातून वाया जातो. आणि दोन्ही चाकं सुटली की गाडी आडवी.

पुतण्याचं तरंगणं मात्र टायरचं नव्हतं. पुढच्या खालच्या आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, फाटलेले, स्ट्रट रॉडचे रबर गेलेले, आणि अलाइनमेंट 1967च्या पुस्तकातल्या आकड्यांवर प्रामाणिकपणे बसवलेली. ते आकडे चुकीचे नाहीत, पण ते बायस प्लाय या जुन्या बांधणीच्या टायरसाठी आहेत. त्या काळी केंबर थोडा धन ठेवत, म्हणजे चाकं वरच्या बाजूने बाहेर झुकलेली, आणि कास्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, जवळजवळ शून्याला टेकलेला. नायलॉनचे तिरके थर एकमेकांवर रचलेला तो टायर वळणात हळूहळू, भरपूर कोनाने घसरतो आणि घसरताना चालकाला आधी सांगतो. रेडियलची बाजू मऊ आणि वरचा पट्टा ताठ. तो लहान कोनातच आपली पूर्ण पकड देतो, आणि त्याला चाक वरून किंचित आत झुकलेलं लागतं. रेडियल बसवून बायस प्लायची अलाइनमेंट ठेवली की सरळ रस्त्यावर गाडी अशीच हुंगत फिरते. यावर कितीही महागडा टायर घातला तरी पैसे वाया.

चौदा, पंधरा की सतरा

जुन्या अमेरिकन गाडीचा टायर निवडताना लोक आधी कंपनी विचारतात. खरा प्रश्न रिमच्या व्यासाचा असतो. तो एकदा ठरला की तीन चतुर्थांश निवड आपोआप झालेली असते.

या मस्टँगवर कारखान्याचा टायर 6.95-14 होता. त्याचा बाहेरचा व्यास साधारण 635 ते 640 मिलिमीटर. हा आकडा पाळावा लागतो, कारण स्पीडोमीटर, गिअर आणि मडगार्डची जागा तिन्ही त्यावर बसवलेली आहेत. आता बाजारात काय मिळतं? 14 इंचात आपल्याकडे छोट्या हॅचबॅक आणि सेडानचे टायर. त्यातला जरा मोठा 185/70 आर 14 (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) घेतला तर व्यास 615, म्हणजे गाडी बसकी, मडगार्डमध्ये पोकळी, आणि टायर मुळात मायलेजसाठी घडवलेला. वाघोडिया तालुक्यात लिमड्याला अपोलोचा कारखाना, हालोलला सिएटचा. टायरच्या कारखान्यांच्या मधोमध राहून या गाडीला 14 इंचात पकडीचा टायर मिळू नये याचं काकांना फार वाईट वाटलं. पण दोष कारखान्यांचा नाही. 14 इंचात जोरदार गाड्याच उरल्या नाहीत, तर त्यांच्यासाठी साचे कोण ठेवणार?

रावपुऱ्याकडच्या एका जुन्या टायरवाल्याने पंधरा इंचांचा मार्ग सुचवला. त्याचं म्हणणं, "भाई, आ इनोवानुं टायर नाखी दो, लाइफटाइम चालशे." हिशेबाने तो चुकत नव्हता. 205/65 आर 15चा व्यास 648 मिलिमीटर, भार पेलण्याचा निर्देशांक 94 म्हणजे एका टायरवर 670 किलो, आणि पाच बोल्टचं 114.3 मिलिमीटरचं वर्तुळ इनोव्हाचं आणि या मस्टँगचं एकच. पण "लाइफटाइम" हाच तर प्रश्न आहे. सात-आठ माणसं आणि सामान घेऊन लाखभर किलोमीटर धावणाऱ्या गाडीसाठी केलेलं ते रबर. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो टायर झिजायच्या कितीतरी आधी वाळणार. आयुष्य हा जो गुण इतरांना विकला जातो, तो इथे अवगुण ठरतो. या गाडीला मऊ रबर परवडतं, कारण ते झिजायला वेळच मिळणार नाही.

पंधरा इंचातला दुसरा पर्याय काकांच्या मनातला होता. 225/60 आर 15 मध्ये बीएफगुडरिचचा रेडियल टी/ए, बाजूवर उठावदार पांढरी अक्षरं. मस्टँगवर तो शोभतो, व्यास 651, बसतोही. पण त्याची वेगश्रेणी एस, म्हणजे ताशी 180 किलोमीटर, आणि ट्रेडवेअर 400. तो जुन्या अमेरिकन गाडीच्या रूपासाठी केलेला टायर आहे. पकडीच्या यादीत त्याला ओढून आणणं त्याच्यावरच अन्याय. शिवाय तो आणायचा कुठून? जून 2020 पासून नव्या टायरची आयात "मुक्त" यादीतून "मर्यादित" यादीत गेली, परवाना लागतो, आणि त्याआधीपासूनच टायरवर भारतीय मानकाची मोहर सक्तीची आहे. ओळखीतून एक संच मिळाला तरी तीन वर्षांनी एक टायर फाटला तर दुसरा कुठून आणणार, याचं उत्तर कोणाकडे नसतं.

ओरिजिनल दिसण्याचा काकांचा आग्रह उगाच नव्हता. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात 21 गन सॅल्यूटचा कॉन्कोर्स, म्हणजे जुन्या गाड्यांचं स्पर्धा-प्रदर्शन, भरला होता. तिथल्या गाड्या पाहून आल्यापासून प्रत्येक नटबोल्ट कारखान्याचाच हवा असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांना मी एवढंच सांगितलं की रिम बोल्टने बसतात, वेल्डिंगने नाही. चौदा इंची रिम आणि हबकॅप पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा. प्रदर्शनाच्या दिवशी लावा. पुढेमागे व्हिंटेज नोंदणीची गोष्ट निघाली तरीही ते कामी येतील, कारण 2021च्या केंद्रीय नियमात पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपातली गाडीच व्हिंटेज धरली आहे. त्या नोंदणीत रोजच्या वापराला मनाई आहे, म्हणून तूर्त पुतण्यालाच ती नको होती.

राहिले सतरा इंच. 225/45 आर 17चा व्यास 634 मिलिमीटर. कारखान्याच्या टायरशी इतका जुळतो की स्पीडोमीटरला हातच लावावा लागत नाही. हे माप ऑडी ए3 सारख्या गाड्यांचं, म्हणून जोरदार उन्हाळी (म्हणजे बर्फासाठी न केलेले) टायर याच मापात आपल्याकडच्या दुकानांत मिळतात. एखादा टायर फाटला तर फोन करून दुसरा मागवता येतो. 225/50 आर 17 ही पाहिला, तो 657 भरला. पूर्ण वळवलेल्या चाकाला मडगार्डची कड लागायची शक्यता होती, म्हणून सोडला.

आता रिम. मापं जुळतात म्हणून भंगारातून एखाद्या आधुनिक गाडीची मॅग व्हील उचलून लावायचा मोह पुतण्याला झाला होता. आजच्या मस्टँगचीही 114.3च आहेत. अडचण बोल्टच्या वर्तुळात नाही. आजच्या गाड्यांच्या रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून बोल्टच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, 40-45 मिलिमीटरचा असतो, म्हणजे रिम आतल्या बाजूला फार शिरते. जुन्या मस्टँगमध्ये आत सस्पेन्शनचे आर्म आणि टाय रॉड बसलेले असतात, तिथे ती घासते. त्यावर स्पेसरचे चकते घालून रिम बाहेर काढणारे असतात. मी घालत नाही. शिवाय मस्टँगच्या हबचा मधला भाग 70 मिलिमीटरच्या घरात, इनोव्हाच्या रिमचं भोक 60. ती रिम हबवर चढतच नाही. म्हणून या गाडीसाठीच बनलेल्या 17 गुणिले 7 इंची, साधारण 6 मिलिमीटर ऑफसेटच्या रिम मागवल्या. स्टड अर्धा इंची, वीस आट्यांचे आहेत. मेट्रिक नट त्यावर जबरदस्तीने फिरवले तर आटे जातात आणि चाक वाटेत सुटतं. नट वेगळे मागवावे लागतात, हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही.

किती पकड विकत घ्यायची

ट्रेडवेअरचा आकडा म्हणजे काय हे पुतण्याला नीट ठाऊक नव्हतं, आणि तसं ते बहुतेकांना नसतं. ही अमेरिकन सरकारची पद्धत. टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळ सुमारे 640 किलोमीटरच्या ठरलेल्या रस्त्यावर गाड्यांचा ताफा फिरवायचा, प्रमाण टायरची झीज 100 धरायची आणि नव्या टायरची झीज तिच्याशी ताडायची. 400 म्हणजे कागदावर चौपट आयुष्य. पण अंतिम आकडा कंपनी स्वतःच छापते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी भिडवून फार काही हाती लागत नाही. त्याशेजारी छापलेलं "ट्रॅक्शन ए" किंवा "एए" हे ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारण्याचं माप. वळणातली पकड त्यात मोजतच नाहीत. म्हणजे पुतण्या ज्या आकड्यावर अडून बसला होता, तो पकडीचा नाहीच, झिजेचा. पकड त्यावरून ताडायची, एवढंच.

तरीही 200च्या गटातले टायर, योकोहामाचा ॲडव्हान ए052 किंवा ब्रिजस्टोनचा आरई-71आरएस, कोरड्या रस्त्यावर विलक्षण चिकटतात यात शंका नाही. टोयोचा आर888आर तर 100चा. ते नाकारण्याची कारणं या गाडीतच होती.

पहिलं पाणी. या टायरची नक्षी नवी असतानाच उथळ, साडेपाच-सहा मिलिमीटर. साचलेल्या पाण्यात टायर रस्त्यावरून उचलला जातो तो वेग काढायचं एक जुनं सूत्र आहे, नासाने विमानांच्या चाकांवरून बसवलेलं: हवेच्या दाबाचं वर्गमूळ गुणिले 10.35, उत्तर ताशी मैलांत. नक्षी पाणी बाहेर काढू शकत नाही तेव्हाचा हा हिशेब. 32 पाउंड हवेला तो ताशी 94 किलोमीटर येतो. गाडीच्या मूळ पुस्तकाप्रमाणे 24 पाउंडांच्या आसपास हवा ठेवली तर 82. बडोद्यात जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्यांवर पाणी किती वेळ उभं राहतं ते विश्वामित्रीकाठच्या कोणालाही विचारा. खोल, रुंद उभ्या खोबणी हव्यात, आणि हवा 30च्या वर.

दुसरं, मऊ रबराला तापणं-थंडावणं सोसत नाही. प्रत्येक वेळी चांगलं तापून गार झालं की ते थोडं कडक होतं. शर्यतवाला एका हंगामात टायर संपवतो, त्याला फिकीर नाही. पाच-सहा वर्षं अंगावर बाळगायचे असतील तर दुसऱ्या उन्हाळ्यानंतर तो महाग टायर साध्या टायरसारखाच वागायला लागतो.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टायरची पकड वाढली की ती शक्ती कुठेतरी जाते, आणि ती गाडीच्या सांगाड्यात जाते. त्या काळातल्या अमेरिकन गाड्या वळणात गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 0.7 पट बल पेलत. चांगला आधुनिक टायर 0.9च्या पुढे सहज नेतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि दोन चाकांमधलं अंतर 1.47 मीटर धरलं, तर 0.7ला आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार सुमारे 310 किलो, 0.95ला तो 420 होतो. या गाडीत पुढची स्प्रिंग वरच्या आर्मवर उभी आहे आणि तिचा सगळा जोर शॉक टॉवरवर, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंग पेलणाऱ्या पत्र्याच्या उभ्या खोक्यांवर येतो. जुन्या मस्टँगचे हे टॉवर तडकण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. परदेशी पाठवायच्या गाड्यांना, तिकडचे रस्ते वाईट असतील म्हणून, फोर्ड टॉवरपासून फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) एकसंध पोलादी ब्रेस बसवत असे. त्याचं नावच एक्स्पोर्ट ब्रेस पडलं. ही गाडी अमेरिकेतल्या वापराची होती, तिला दोन पातळ पट्ट्या होत्या. मागच्या बाजूला पानांचे पाटे. 200च्या टायरने चाक रस्त्याला घट्ट धरलं की जोर दिल्यावर पाटे पीळ खातात आणि ॲक्सल थडथडतो. मग पाटे बदला, मग पाट्यांचा पीळ रोखणारे ट्रॅक्शन बार लावा. टायरने सुरू झालेली यादी थांबत नाही. शर्यतींच्या व्हिडिओतल्या त्या मस्टँगमध्ये ही सगळी यादी आधीच पुरी झालेली असते, हे पुतण्याला दाखवल्यावर त्याचा आग्रह बराच सैल झाला.

म्हणून निवड झाली ती उन्हाळी परफॉर्मन्स टायरच्या मधल्या गटातून, ट्रेडवेअर 300च्या आसपास. या गटात आपल्याकडे मिशेलिन, कॉन्टिनेन्टल, गुडइयर आहेत, आणि व्रेडेस्टाइन अपोलोने 2021 पासून इथे आणला आहे. आम्ही मिशेलिनचा पायलट स्पोर्ट 4 घेतला, ट्रेडवेअर 320. दुसऱ्या कोणी याच गटातला दुसरा घेतला तर मी हरकत घेणार नाही. दुकानात त्याक्षणी ज्याचे चारही टायर एकाच तारखेचे आणि गेल्या काही महिन्यांतले मिळतील तो घ्या. जुन्या साठ्यातला उत्तम टायर घेण्यापेक्षा ताज्या साठ्यातला किंचित कमी नावाजलेला बरा.

चारही चाकांना एकच माप ठेवलं. मागे 245 घालायची पद्धत मस्टँगवाल्यांत रूढ आहे, दिसायला ती देखणीही असते. पण नाकजड गाडीला मागे जास्त पकड दिली की वळणात ती आणखी सरळ पळू पाहते, आणि हे इंजिन मागच्या 225 ला पुरून उरेल इतकं आडदांड नाही.

आधी काय, नंतर काय

पैसे मर्यादित होते, सगळे टायरवर घालायचे नव्हते. बुश, बॉल जॉइंट आणि स्ट्रट रॉडचे रबर आधी बदलले. टॉवर घासून तडे तपासले, एका बाजूला वेल्ड घेतलं, एक्स्पोर्ट ब्रेस बसवला. वरच्या आर्मची भोकं एक इंच खाली घेतली. फोर्डचे सस्पेन्शन इंजिनिअर क्लाऊस आर्निंग यांची ही युक्ती, शर्यतीसाठी मस्टँग सुधारणाऱ्या कॅरोल शेल्बीच्या गाड्यांमुळे प्रसिद्ध झाली. खर्च ड्रिल बिटाचा आणि दुपारभराच्या मेहनतीचा, फायदा असा की गाडी कलंडली तरी चाकाचा झुकाव रेडियलला हवा तसा राहतो. केंबर ऋण पाऊण अंश, कास्टर धन तीन अंश, टो-इन, म्हणजे चाकांच्या पुढच्या कडा किंचित आत वळलेल्या, दोन-तीन मिलिमीटर.

ब्रेकचा प्रश्न काकांनी स्वतः काढला: टायर चांगले झाले तर चाकं जाम होणार नाहीत, मग ड्रम का बदलायचे? प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर जरा आडवळणाचं. 80च्या वेगातून थांबायला घर्षणाचा गुणांक 0.7 असेल तर सुमारे 36 मीटर लागतात, 0.95 असेल तर 26 ते 27. एका थांबण्यात तयार होणारी उष्णता दोन्हीत तेवढीच, पण दुसऱ्यात ती कमी वेळात, आणि पायाला जोरही जास्त लावावा लागतो. त्याहून मोठी गोष्ट चालकाची: टायर धरतो हे कळलं की माणूस उशिरा ब्रेक मारायला शिकतो. दहा इंची ड्रम पावागढच्या उतारावर दोन-तीनदा तापले की पॅडल लाकडासारखं होतं. 1967च्या गाडीला दोन स्वतंत्र सर्किटचा मास्टर सिलेंडर मुळातच होता, म्हणून पुढे डिस्क बसवणं फार जिकिरीचं झालं नाही. मागे ड्रमच ठेवले.

हे सगळं झाल्यावर टायर चढले. हवा कोऱ्या हिशेबाने 32 ठेवली, मग खांद्यावर खडूची रेघ ओढून हालोल रोडवर फिरवली. रेघ कुठपर्यंत पुसते त्यावरून आणि टायर गरम असताना आत-मध्ये-बाहेर तापमान मोजून पुढे 33, मागे 31 वर स्थिरावली. पुढे आतली कड बाहेरच्यापेक्षा जराशी जास्त तापते, तसंच हवं होतं.

गाडी आता हुंगत नाही. पावसात काळाघोड्याला काकांनी स्वतः चालवून पाहिली आणि मागची बाजू निसटली नाही. ॲक्सिलरेटर मुद्दाम दाबला तेव्हा निसटली, पण हळू, हातात येईल अशी. याच कारणासाठी मधला गट घेतला होता. किंमतही मोजावी लागली आहे. पॉवर स्टिअरिंग नाही, कास्टर वाढलेला आणि टायर रुंद, त्यामुळे खंडेराव मार्केटजवळ पार्किंग करताना काकांचे खांदे भरून येतात. टायरची बाजू पूर्वीपेक्षा बरीच बुटकी असल्यामुळे स्पीडब्रेकर आणि खड्डे सरळ पाठीत पोचतात. पुतण्याला ते चालतं, काकांना नाही, आणि यावर तोडगा नाही. सतरा इंची रिम ठेवायच्या तर तेवढं सोसावं लागेल.

टायर बदलायची तारीख नक्षीवरून ठरवायची नाही, हे दोघांना लिहून दिलं आहे. सहाव्या वर्षी, नक्षी कितीही शिल्लक असो. तोवर गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर सावलीत, हवा चार-पाच पाउंड जास्त भरून, अधूनमधून जागा थोडी हलवून, नाहीतर टायर एका बाजूला चपटा बसतो आणि पहिले काही किलोमीटर गाडी धडधडते.

स्टेपनीचं मात्र अजून जमलेलं नाही. पाचवी सतरा इंची रिम मागवली नव्हती, म्हणून डिकीत जुनं चौदा इंची चाकच आहे, नव्या साध्या टायरसह. व्यासातला फरक थोड्या अंतरासाठी चालण्याजोगा, पण ती रिम पुढच्या डिस्कच्या कॅलिपरवर बसत नाही. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे आणायचं आणि चौदा इंची मागे लावायचं, म्हणजे एका पंक्चरला दोनदा जॅक. पुतण्याने डिकीत दुसरा जॅक टाकला आहे. काकांनी पंक्चरवाल्याचा नंबर डॅशबोर्डच्या खणात चिकटवला आहे.